दुसरा चॅनेल

वायरलेसच्या माईकवर एक बटण असतं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. इतकं साधं काम. पण नोकरीच्या चौथ्याच दिवशी तिने नकळत त्या बटणावर जाडजूड नोंदवही ठेवली, आणि पुढची सहा मिनिटं शहरातल्या अकराच्या अकरा ॲम्ब्युलन्सना तिची बडबड ऐकू येत राहिली.

बोलत होती ती मोठ्या बाईंशी. मोठ्या बाई शेजारच्या टेबलावर लोकांचे फोन घ्यायच्या. कंट्रोल रूममध्ये त्यांची वीस वर्षं गेली होती आणि नव्या मुलींना बोलतं करण्यात त्यांचा हातखंडा होता.

"बाकीचे सगळे ठीक आहेत हो," ती म्हणत होती, "पण तो सात नंबरचा ड्रायव्हर! काय ते बोलणं! सा...त... र...वा...ना! जसं काही एकेक अक्षर पदरमोड करून आणतोय. रवाना म्हणेपर्यंत पोचत असेल हा!"

"दिसायला कसा असेल गं?" मोठ्या बाईंनी काडी टाकली.

"कसा असणार? ढेरी, टक्कल आणि कानात केस!"

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर निळ्या शर्टातला एक तरुण उभा होता. धाप लागलेली, कपाळावर केस आलेले. तो बोटाने टेबलाकडे खुणा करत होता. तिने खिडकी सरकवली.

"कोण हवंय?"

"आधी ती वही उचला."

तिने वही उचलली. त्याबरोबर सेटमधून दहा गाड्यांमधलं हसणं एकदम फुटलं. कोणीतरी शिट्टी मारली. 

"सहा मिनिटं चॅनेल अडकला होता. कोणालाच बोलता येत नव्हतं," तो म्हणाला. "मी खाली गॅरेजमध्येच होतो, म्हणून पळत आलो." मग जरा थांबून, एकेक अक्षर सावकाश मोजत — "सा...त... नं...बर."

तिचा चेहरा लालबुंद झाला. त्याने वाकून डोकं पुढे केलं.

"टक्कल पडायला अजून अवकाश आहे. कानातले केस मात्र आज घरी जाऊन बघतो."

तिला हसू यायला हवं होतं, आलं रडू. सहा मिनिटांत कोणाला काही झालं असतं तर? तिच्या डोळ्यांत पाणी बघून तो गडबडला. "अहो, असं काय! मी पहिल्या आठवड्यात सायरन बंद कसा करायचा हेच विसरलो होतो. सिनेमाच्या रांगेसमोरून तीन चकरा मारल्या. लोकांना वाटलं, आत कोणी हिरोच पडलाय!"

आता मात्र तिला हसू आलं. डोळे पुसत, नाक ओढत... पण आलं.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या चहाच्या टपरीवर दिसला, तेव्हा तिने विचारूनच टाकलं, "पण खरंच, इतकं हळू का बोलता?"

"मागे पेशंट ऐकत असतो ना," तो म्हणाला. "मी घाईघाईने बोललो की त्याला वाटतं, आपलं काही खरं नाही. मी निवांत बोललो की वाटतं, ड्रायव्हर एवढा निवांत आहे, म्हणजे आपण जगणार."

ती बघतच राहिली. कालपासून जिची चेष्टा चालली होती, त्या सावकाशीत एवढा विचार असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. चहा निवला. तो तिने तसाच पिऊन टाकला.

मोबाइल अजून सगळ्यांच्या हातात आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. दिवसभर दोघांमध्ये होता तो एक चॅनेल, आणि तोही दहा गाड्यांच्या साक्षीने! वायरलेसवर नावं घ्यायची नसत. ती 'कंट्रोल', तो 'सात'. अघळपघळ बोलायचं नाही, असा तर नियमच होता. पण नियमातून वाट काढण्यात माणूस पटाईत असतो.

"कंट्रोल, सात. पूल ओलांडला."

"सात, कंट्रोल. नोंद घेतली."

"कंट्रोल... पुलावर वारा फार छान सुटलाय."

मोठ्या बाई चष्म्यावरून बघतायत. "सात, कंट्रोल. वाऱ्याच्या नोंदीसाठी रकाना नाही."

"मग वहीत नको... मनात घ्या."

लगेच नऊ नंबरचा ओरडला, "अहो सात, चॅनेल मोकळा करा! आम्हालाही पूल ओलांडायचाय!"

त्या दिवशी तिने नोंदवहीत एका ओळीत वेळ दोनदा लिहिली आणि पत्ता लिहायचाच विसरली.

ती राहायची मोठ्या भावाकडे. सकाळी वहिनीबरोबर डबे भरायचे, बस पकडायची, दिवसभर भिंतीवरच्या नकाशासमोर बसायचं, पुन्हा बस. शहर तिला तोंडपाठ होतं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं. हे त्याला कळलं आणि तो हसत सुटला.

"म्हणजे रोज मला 'जुन्या पोस्टाच्या डावीकडून वळा' सांगता, ते पोस्ट बघितलंच नाही?"

"नाही."

"अहो, ते पाडून आठ वर्षं झाली! तिथे चपलांचं दुकान आहे. तुमचं मन राखायला आम्ही सगळे त्यालाच पोस्ट म्हणतो."

मग सुट्टीच्या दिवशी त्याने तिला पायी हिंडवलं. ती नकाशातली नावं घ्यायची आणि तो समोरची जागा दाखवायचा. तिच्या नकाशातली 'अरुंद गल्ली' इतकी अरुंद निघाली की दोघांना एकामागोमाग चालावं लागलं. पुढे तो, मागे ती. मधेच त्याने मागे न बघता हात मागे केला... आणि तिने तो धरला. गल्ली संपली. रस्ता चांगला ऐसपैस होता, चार माणसं शेजारी शेजारी चालली असती. हात कोणीच सोडला नाही.

"आता इथून कुठे वळायचं, कंट्रोल?"

"मला काय विचारतोस? आज मी ड्यूटीवर नाही."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं. बोललं कोणी नाही.

त्या हिंडण्याच्या शेवटी तो तिला घरी घेऊन गेला. हमरस्त्यालगतची इमारत, तिसरा मजला, निळं दार. वडील तो लहान असतानाच गेले होते. आईने शिंप्याच्या दुकानासाठी शर्टांना काजं करून त्याला वाढवलं होतं. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर शर्टांचा ढीग आणि ढिगामागून बघणारे दोन मिश्कील डोळे.

"हीच का ती? दिवसभर तुला इकडे जा, तिकडे जा करते ती?"

"हीच."

"बरी आहे की!" आई म्हणाली. "माझं तर कधी ऐकलं नाही मेल्याने. ये पोरी, बैस. सुई ओवता येते का? माझे डोळे गेले आता."

तिने सुया ओवून दिल्या. एक नाही, चांगल्या दहा-बारा, उशीत ओळीने टोचून. आई त्या सुयांकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी मशीन खिडकीत का ठेवलंय, ठाऊक आहे? याची गाडी खालून जाते. सगळ्यांचे सायरन सारखेच, असं हा म्हणतो. पण मी ओळखते. सायरन आला की उठून बघते. गेला की पुन्हा बसते. आला-गेला, एवढं कळलं तरी पुरे होतं आईला."

निघताना आईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "नीट पाठवत जा गं त्याला."

त्यानंतर ती अधूनमधून जाऊ लागली. कधी त्याच्याबरोबर, कधी एकटीच, सुया ओवायला. लग्नाचं कोणी काढलं नव्हतं. पण आई परक्या बाईला दाखवत नाही असं कपाट तिला उघडून दाखवायची, आणि तो रोज संध्याकाळी "कंट्रोल, सात. ड्यूटी संपली" एवढंच असं म्हणायचा की तिला बसमध्ये सबंध रस्ता पुरायचं.

सात महिने असे गेले.

मग तो दिवस आला. उन्हाळ्याचा, सकाळी साडेअकराचा. मोठ्या बाई वरिष्ठांच्या बैठकीला गेल्या होत्या, म्हणून फोन आणि वायरलेस दोन्ही तिच्याकडेच होते. सात नंबरने शहराच्या दक्षिण टोकाहून एक बाळंतपणाची पेशंट उचलली होती. दिवस भरायच्या आतच रक्तस्राव सुरू झालेला. गाडीत मागे बसलेली सिस्टर वायरलेसवर आली, तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"कंट्रोल, ब्लीडिंग वाढतंय. मोठ्या हॉस्पिटलला सांगा, ऑपरेशनची तयारी ठेवा. वेळ नाहीये."

तिने हॉस्पिटलला कळवलं. फोन खाली ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. एक बाई रडत बोलत होती. शेजारीण कोसळलीय, छातीत दुखतंय म्हणाली, घामाने चिंब झालीय, लवकर या. पत्ता? हमरस्त्यालगतची इमारत. कितवा मजला? तिसरा.

"दार..." तिने विचारलं. विचारायची गरज नव्हती. "दाराचा रंग?"

"निळा."

हात लिहीत राहिला. हाताला सवय होती. तिने वर नकाशाकडे बघितलं. सात नंबर त्या इमारतीपासून तीन मिनिटांवर होता, आणि मोठ्या हॉस्पिटलला जाताना तो त्याच इमारतीखालून जाणार होता. बाकी मोकळी गाडी एकच. चार नंबर. ती पुलाच्या पलीकडे, चौदा मिनिटांवर.

गाडीत पेशंट असेल तर दुसरा कॉल द्यायचा नाही, हा नियम. नियम भिंतीवरच लावला होता, पण तिने तिकडे बघितलंही नाही. तिला एवढंच दिसत होतं, की तिने पत्ता चॅनेलवर सांगितला तर तो सातमध्येही ऐकू जाणार.

तिने बटण दाबलं. "चार, कंट्रोल. दुसऱ्या चॅनेलवर या."

तो चॅनेल एरवी कोणी वापरत नसे; तिथे गेलेल्या गाडीलाच तिथलं ऐकू जाई. तिथे तिने चारला पत्ता दिला. चारच्या ड्रायव्हरने पत्ता ऐकला आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिला. "अहो... हे तर सातचं..."

"माहितीय. काहीही करा, पण लवकर जा. आणि पहिल्या चॅनेलवर बोलू नका."

ती पहिल्या चॅनेलवर परत आली. सात तिची वाटच बघत होता.

"कंट्रोल, सात. चारला बाजूला घेऊन काय गुजगोष्टी चालल्यात? आम्हाला नाही सांगायचं?"

तोच सावकाश आवाज. मागची पेशंट ऐकत होती, म्हणून नेहमीपेक्षाही निवांत.

तिने बटण दाबलं आणि... सोडलं. पुन्हा दाबलं.

"काही नाही. तुमचा रस्ता मोकळा आहे. सरळ जा."

"आवाज का बसलाय तुमचा?"

"ऊन... ऊन लागलंय."

"पाणी प्या बरं. माझी पेशंटही तेच सांगतेय." आणि मग, "कंट्रोल, घराखालून चाललोय. आई खिडकीत दिसत नाही आज. झोपली असेल."

तिने एका हाताने तोंड दाबून धरलं. दुसऱ्या हाताने बटण. "सात, कंट्रोल. नोंद घेतली."

चार नंबर बारा मिनिटांत पोचला. चौदाचं अंतर बारात कापलं होतं त्याने. उपयोग झाला नाही.

सातच्या पेशंटला थेट ऑपरेशनला नेलं. पेशंट वाचली, मुलगी झाली, तीही वाचली. सिस्टरने हे ओरडून सांगितलं, आणि चॅनेलवर कोणीतरी आनंदाने हॉर्न वाजवला. तिने तो संपू दिला. मग म्हणाली, "सात, कंट्रोल. गाडी लावा. हॉस्पिटलच्या फोनवरून मला फोन करा."

त्याने फोन केला. "काय गं? काय झालं?" वायरलेस नव्हता, म्हणून 'गं'.

तिने सांगितलं. कसं सांगितलं, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. पलीकडून बराच वेळ नुसते हॉस्पिटलचे आवाज येत राहिले. चाकांच्या खुर्चीची करकर, कोणाची तरी हाक. शेवटी त्याने एकच विचारलं.

"किती वाजता आला होता फोन?"

"अकरा बत्तीस."

"मी खालून गेलो तेव्हा?"

"पस्तीस."

त्याने फोन ठेवला.

ती भेटायला गेली, तेव्हा निळं दार सताड उघडं होतं आणि आत माणसं दाटीवाटीने बसली होती. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मान हलवली, बस. त्याच्या मावशीने मात्र तिला मशीनजवळ गाठलं. मावशीचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.

"शेजारीण सांगत होती... खालून सायरन गेला, तेव्हा याच्या आईने डोळे उघडले होते. म्हणाली, आला. मग कान लावून पडून राहिली. जिन्यात पावलं वाजतील म्हणून."

उशीत ओवलेल्या चार सुया अजून शिल्लक होत्या. ती तिथून कशीबशी जिना उतरली.

महिन्याभराने सगळ्यांची बैठक झाली. वरिष्ठांनी एक पत्र वाचून दाखवलं. अत्यंत कठीण प्रसंगी मन स्थिर ठेवून, नियमानुसार निर्णय घेऊन दोन जीव वाचवल्याबद्दल... वगैरे वगैरे. तिला उठून उभं राहावं लागलं. मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली. ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेत तोही वाजवत होता. सगळे थांबल्यावरही तो दोनचार वाजवत राहिला, आणि मग आपल्याच हातांकडे बघून थांबला.

त्या दिवशी दुपारी ती गॅरेजमध्ये गेली. तो गाडी धूत होता.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "ओरड माझ्यावर. महिनाभर नुसतं 'रवाना' आणि 'पोचलो' ऐकतेय."

त्याने नळ बंद केला. "तू बरोबर केलंस. कोणालाही विचार. मीही सगळ्यांना तेच सांगतो."

"मला ते नकोय. मला तुझं खरं सांग."

तो गाडीच्या मागच्या पायरीवर बसला. शेजारी तिच्यासाठी जागा सोडली, सवयीने. ती बसली.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "आवाज का बसलाय, म्हणून. तू म्हणालीस, ऊन."

"काय सांगणार होते? तुझ्या मागे ती बाई मरत होती."

"सांगायचं होतंस. आई की पेशंट, हे मला ठरवू द्यायचं होतंस."

"आणि तू काय ठरवलं असतंस?"

ओल्या फरशीवरून साबणाचा फेस हळूहळू गटाराकडे सरकत होता.

"तेच तर," तो शेवटी म्हणाला. "आता मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं, गाडी थांबवली असती. कधी वाटतं, नसती थांबवली, सरळच गेलो असतो. रोज त्या जागेवर येतो, रोज वेगळं वाटतं. जे काही झालं असतं ते माझं असतं गं. तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस."

"तुझ्यावर ओझं नको म्हणून..." ती म्हणाली. "जन्मभराचं ओझं..."

"माहितीय. म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही." त्याने चेहरा ओल्या हातांनी पुसला. "तू काही चुकली असतीस ना, तर मी केव्हाच माफ केलं असतं. भांडलो असतो, रडलो असतो, आणि माफ केलं असतं. पण तू चुकलीच नाहीस. आता माफ तरी काय करू?"

तिने त्याचा हात धरला. गार, साबणाने निसरडा हात. त्याने तो काढून घेतला नाही. ती म्हणाली, "मला तू हवा आहेस. सरळच सांगते. इतके दिवस सांगितलं नाही, कारण वाटलं, सांगायची गरजच नाही."

"मलाही." तो लगेच म्हणाला. इतका लगेच की तिला क्षणभर आशा वाटली. "मलाही तूच. पण तुझा आवाज आला की मला ऐकू येतं... 'रस्ता मोकळा आहे, सरळ जा.' दिवसातून चाळीसदा. तू नुसती 'कंट्रोल' म्हणालीस तरी तेच ऐकू येतं. घरात तू मला हाक मारशील, तरी तेच ऐकू येईल."

"जाईल ते. हळूहळू..."

"मला नाही वाटत." मग खाली बघून, "मी बदली मागितलीय. मिळाली. सोमवारपासून."

"कुठे?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. तीन तासांवरचं. तिला ठाऊक होतं, तिथपर्यंत या सेटची पोच नव्हती. तिने त्याचा हात सोडला. फेस वाहून गेला होता, फरशी स्वच्छ झाली होती. वरून मोठ्या बाईंनी हाक मारली, जेवणाची सुट्टी संपली म्हणून, आणि ती उठून जिना चढून गेली. माणसाने दुसरं करायचं तरी काय?

पावसाळा गेला, थंडी पडायला लागली. तो गेल्यापासून पत्र नाही, निरोप नाही. एका सकाळी कंट्रोल रूमच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली, कडेवर गुबगुबीत बाळ.

"सात नंबरचे ड्रायव्हरदादा इथेच भेटतील का?" तिने विचारलं. "ही त्यांच्या गाडीतली. म्हटलं, दाखवून यावी."

मोठ्या बाई काही बोलायच्या आत ती उठली. "त्यांची बदली झाली," ती म्हणाली. अगदी हलक्या आवाजात. मोठ्याने बोलायचं तिला धाडसच झालं नाही.

"अरेरे!" बाई हिरमुसली. मग बाळ तिच्याकडे देत म्हणाली, "घ्या की थोडा वेळ. तुमच्यामुळेही वाचली म्हणा. तुम्ही सगळे एकच."

तिने बाळ घेतलं. ऊबदार, भक्कम ओझं. बाळाने लगेच तिचा कान पकडला.

"काय माणूस हो तो," बाई सांगू लागली. "माझी शुद्ध हरपू द्यायची नाही म्हणून रस्ताभर बोलत होते. मान मागे वळवायची नाही, हात चाकावर, आणि गोष्ट सांगतायत. म्हणाले, ताई, आता वायरलेसवर जी बाई बोलली ना, तिच्याशी मी लग्न करणार आहे. अजून विचारलं नाही, येत्या रविवारी विचारणार आहे. आईने तिच्यासाठी साडी घेऊन ठेवलीय, तिला पत्ता लागू दिला नाही. तुम्ही डोळे उघडे ठेवा, काय होतं ते तुम्हाला येऊन सांगेन म्हणाले." ती हसली. "मी वेदनेने ओरडत होते, आणि मनात हेच, की आता रविवारपर्यंत तरी जगायला पाहिजे! मग? झालं का हो लग्न त्यांचं?"

मोठ्या बाईंनी फोन उचलला, जो वाजलाच नव्हता, आणि पाठ फिरवली.

"नाही," ती म्हणाली. तसंच, ओठांतल्या ओठांत. "त्यांना विचारायला... वेळ नाही मिळाला."

"असं कसं! इतकं ठरवलेलं माणसाने..." बाई हळहळली. "त्या बाईंना तरी कळलं असेल ना?"

तिने बाळाची मूठ कानावरून सोडवली, एकेक बोट उलगडत, आणि बाळ आईच्या कडेवर दिलं.

"कळलं," ती म्हणाली.

बाई निरोप घेऊन वळली. त्याच वेळी सेट खरखरला. नऊ नंबर रस्ता विचारत होता, मागे पेशंट होता, गडबडीत होता. ती टेबलाशी गेली, माईक उचलला, बटण दाबलं, आणि तिचा रोजचा, मोकळा, खणखणीत आवाज खोलीभर पसरला.

"नऊ, कंट्रोल. पुलावरून उजवीकडे घ्या. पुढे रस्ता मोकळा आहे, सरळ जा."

दाराशी पोचलेली बाई जागीच थबकली. हा आवाज तिने एकदाच ऐकला होता, गाडीच्या छताकडे बघत पडलेली असताना. ती सावकाश मागे वळली. टेबलाशी बसलेल्या मुलीची पाठ ताठ होती, हात लिहीत होता, मान खाली.

बाईने तोंड उघडलं, मिटलं. मग बाळाचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि जराही आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.